अंशतः ढगाळ

डिसेंबरचा पहिला पंधरवडा सरला, की निफाडचे नाव मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर एका आकड्याला जोडून येऊ लागते. नाशिकच्या पूर्वेला कादवा नदीच्या काठी वसलेले हे तालुक्याचे गाव एरवी लोकांना ठाऊक असते ते द्राक्षबागांमुळे, तालुक्यातल्याच लासलगावच्या कांदा बाजारामुळे आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मस्थान म्हणून. रानड्यांचा जन्मही ऐन थंडीतला, १८ जानेवारी १८४२ चा. परंतु हिवाळ्याच्या दोन महिन्यांत या साऱ्या ओळखी मागे पडतात आणि सहा, पाच किंवा चार अंश सेल्सिअस एवढेच निफाडचे वर्तमान उरते. मुंबईच्या लोकलमध्ये स्वेटर घालायची हौस भागवणाऱ्या माणसाला तो आकडा गमतीचा वाटतो, पुण्यातल्या माणसाला त्यात किंचित हेवा वाटतो आणि निफाडमध्ये मात्र तो आकडा वाचण्याआधीच, पहाटे बागेत शेकोटी पेटवताना, सोसून झालेला असतो.

हा आकडा येतो तो गावालगतच्या कुंदेवाडीहून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे तेथील संशोधन केंद्र मुख्यतः गव्हाचे आहे. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, फुले समाधान अशी ओळखीची वाणे याच शेतांतून बाहेर पडली. गव्हाच्या अभ्यासासाठी तापमान टिपणे आवश्यक असते आणि ते टिपण्याचे साधन म्हणजे चार पायांवर उभी असलेली, झडपांच्या भिंतींची, पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी. आत ऊन आणि पाऊस शिरू नये, हवा मात्र मोकळी खेळावी, एवढ्यासाठी ती तशी बांधतात आणि तापमापकाचा फुगा जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच राहील अशा बेताने आतली उपकरणे ठेवतात. त्यांतला किमान तापमापक जवळजवळ आडवा ठेवलेला असतो. त्याच्या नळीत अल्कोहोल असते आणि त्या अल्कोहोलमध्ये दोन्ही टोकांना जाड अशी काचेची एक बारीक काडी बुडालेली असते. रात्र चढते तसे अल्कोहोल आकसते आणि त्याचा पृष्ठभाग त्या काडीला आपल्याबरोबर मागे ओढत नेतो. सकाळी हवा तापली की अल्कोहोल काडीला तसेच सोडून तिच्या अंगावरून पुढे निघून जाते. साडेआठच्या सुमारास निरीक्षक पेटी उघडतो, फुग्यापासून दूरच्या टोकाशी नजर नेऊन काडी कुठे थांबली ते वाचतो, वहीत आकडा लिहितो आणि तापमापक किंचित तिरपा करून काडी पुन्हा पृष्ठभागाशी आणून ठेवतो. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात घसरलेला पारा असतो. वास्तविक त्या नळीत पाऱ्याचा थेंबही नसतो.

रात्रीच्या सर्वांत थंड क्षणाविषयी एक सार्वत्रिक समजूत अशी, की तो मध्यरात्रीनंतर केव्हातरी येत असावा. प्रत्यक्षात तो बहुधा सूर्योदयाच्या आसपास, पुष्कळदा सूर्य उगवल्यानंतर थोड्या वेळाने येतो. कारण जमीन रात्रभर आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात सोडत असते आणि उगवत्या सूर्याची तिरपी किरणे त्या खर्चाची भरपाई करू लागेपर्यंत शिल्लक घटतच राहते. आकाश निरभ्र असेल, हवेत बाष्प थोडे असेल आणि वारा पडलेला असेल, तर हा खर्च बेसुमार होतो. निफाडच्या परिसरात तिन्ही गोष्टी जुळून येतात. उत्तरेकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांना अडसर कमी, जमीन खोलगट आणि पाटपाण्याची, मोठ्या शहराची ऊब दूर. शिवाय थंड झालेली हवा जड असल्यामुळे उताराने सरकत नदीकाठच्या सखल भागात येऊन साचते. अशा पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, म्हणजे नेहमीचा क्रम उलटलेला असतो, आणि हवामानशास्त्र या स्थितीला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणते. ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर द्राक्षबागेतल्या शेकोटीचा धूर पाहावा: तो झाडाच्या उंचीइतका सरळ वर जातो आणि तेथे काही अदृश्य आढे लागल्यासारखा आडवा होऊन मैलभर पसरतो. या धुराने बाग उबदार राहते अशी श्रद्धा आहे. धुराचे बारीक कण अवरक्त किरणांना फारसे अडवू शकत नाहीत. शेकोटीचा उपयोग होतो तो तिच्या आचेमुळे आणि त्या आचेने थोडीशी हवा ढवळली जाते त्यामुळे. तरीही धूर दिसतो, आच दिसत नाही, आणि माणूस दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास टाकतो.

पेटीतला आकडा चार अंश असतानाही बांधावरच्या गवतावर बर्फाचे कण आढळल्याची बातमी येते, तेव्हा कित्येक वाचक ती अतिशयोक्ती समजून सोडून देतात. सव्वा मीटर उंचीवरची हवा आणि गवताचे पाते यांत निरभ्र रात्री काही अंशांचे अंतर पडू शकते, म्हणून पाते शून्याखाली गेलेले असताना पेटी अजून शून्याच्या वर असते. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडचे किमान तापमान दोन अंशांच्याही खाली उतरले होते. त्या पहाटे पेटीच्या खाली, गुडघ्याच्या पातळीवर, काय अवस्था असेल याची कल्पना करता येते. मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी अथवा अधिक घटले, की भारतीय हवामानशास्त्र विभाग त्याला थंडीची लाट म्हणतो. सरासरी काहीही असो, आकडा चार अंशांवर आला तरीही लाट ठरते आणि दोन अंशांवर ती तीव्र ठरते.

असा कडाका सलग फार दिवस टिकत नाही. चार-पाच पहाटा अंगावर काढल्यानंतर एखाद्या सकाळी शेकोटीशी बसलेल्या माणसांना हात आपोआप मागे घ्यावासा वाटतो, गारठा उतरलेला असतो आणि कुणीतरी वर न पाहताच सांगतो, ‘आभाळ आलंय.’ निफाडच्या हिवाळ्याचा खरा स्वभाव या अदलाबदलीत आहे. थंडी आणि आभाळ येथे आळीपाळीने राज्य करतात. एक असते तेव्हा दुसरे नसते आणि एकापासून सुटका हवी असेल तर दुसऱ्याला दार उघडावे लागते. ढगातील जलकण आणि हिमकण जमिनीकडून येणारी अवरक्त उष्णता शोषून तिचा काही भाग पुन्हा खाली पाठवतात, त्यामुळे ढगाळ रात्रीचे किमान तापमान सहा-सात अंशांनी चढल्याचेही दिसते. हवामान अंदाजात या सगळ्या घडामोडीला एक ठरलेले वाक्य असते: आकाश अंशतः ढगाळ राहून तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता, त्यानंतर किमान तापमानात घट.

त्या वाक्यातला प्रत्येक शब्द मोजून ठेवलेला आहे. निरीक्षक आकाशाच्या घुमटाचे मनाने आठ भाग पाडतो आणि त्यांतले किती भाग ढगांनी व्यापले ते सांगतो. तीन-चार भाग व्यापले असतील तर आकाश अंशतः ढगाळ, पाच ते सात व्यापले असतील तर साधारणतः ढगाळ आणि आठही व्यापले तर पूर्ण ढगाळ. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या हवामान उपविभागातील केंद्रांपैकी फार तर चतुर्थांश केंद्रांवर. निफाड ज्या उपविभागात मोडते तो मध्य महाराष्ट्राचा उपविभाग खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत पसरलेला असल्यामुळे, त्या चतुर्थांशात आपले शिवार येते की नाही हे या वाक्यावरून कुणालाच कळत नाही. तरीही ते वाक्य रोज ऐकले जाते. खेड्यात जुन्या घरांतून पंचांग ज्या खुंटीला टांगलेले असे, त्याच ठिकाणी आता भ्रमणध्वनी चार्जिंगला लावलेला असतो आणि सकाळचा पहिला प्रश्न दोघांनाही सारखाच विचारला जातो.

आकाशाचे भाग मोजणे एक आणि त्यातला ढग ओळखणे वेगळे. ढगांची आज जगभर चालणारी वर्गवारी सुचवली ती ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधविक्रेत्याने. १८०२ च्या डिसेंबरात एका छोट्या अभ्यासमंडळापुढे त्याने निबंध वाचला आणि ढगांचे काही मूळ आकार असतात, बाकीचे त्यांच्या मिश्रणातून बनतात, असे मांडले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लामार्क या निसर्गशास्त्रज्ञाने आपली निराळी नावे सुचवली होती, पण ती फ्रेंच होती आणि हॉवर्डची लॅटिन. विद्वानांना लॅटिन सोयीचे पडले. पुढे १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह निघाला, आणि हॉवर्डच्या त्या मांडणीचा विस्तार होत होत आज मानल्या जाणाऱ्या दहा मुख्य जाती ठरल्या. मराठी विज्ञानलेखनाने त्यांना तंतुमेघ, स्तरमेघ, राशिमेघ, वर्षामेघ अशी नावे दिली आणि ती एकमेकांना, तसेच उंचीनुसार ‘मध्य’ हे विशेषण जोडून उरलेली जोडनावे तयार केली. लंडनच्या कायम झाकोळलेल्या आकाशाकडे पाहून केलेली ही मांडणी वर्षातले सहा-सात महिने लख्ख राहणाऱ्या निफाडच्या आकाशालाही बिनतक्रार लागू पडते, कारण पाण्याच्या कणांना देश नसतो.

निफाडच्या हिवाळ्यात प्रथम येतात ते तंतुमेघ. रांगोळीची चिमूट सोडता सोडता वाऱ्याने ओढून न्यावी, तशा त्यांच्या पांढऱ्या, टोकाला वळलेल्या रेघा आठ-दहा किलोमीटर उंचीवर उमटतात. ते संपूर्णपणे बर्फाच्या स्फटिकांचे असतात आणि त्यांच्या लांबलचक शेपट्या म्हणजे खाली पडता पडता वाटेतच विरून जाणारा हिमकणांचा पाऊस होय. त्यांचे एक वैशिष्ट्य जमिनीवरूनच ताडून पाहता येते. शेकोटीचा धूर दक्षिणेकडे झुकलेला असताना हे ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना दिसतात. म्हणजे एकाच गावावर, एकाच वेळी, दोन निराळ्या दिशांचे वारे मजल्यामजल्याने वाहत असतात. खालचा वारा उत्तरेच्या कोरड्या मैदानांतून आलेला, तर वरचा त्या प्रचंड वेगवान पश्चिमी प्रवाहाचा, जो हिवाळ्यात उत्तर भारतावरून सुमारे बारा किलोमीटर उंचीवरून जातो आणि ज्याला जेट प्रवाह म्हणतात.

या प्रवाहातूनच पश्चिमी चक्रावात येतात. भूमध्य समुद्र आणि त्याच्या आसपास जन्मलेली ही वातावरणातली वळणे इराण-अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर-हिमाचलात हिमवृष्टी करतात आणि गंगेच्या मैदानात पावसाच्या सरी देतात. हिमालयातली हिमनद्यांची भर आणि पंजाबातला गहू त्यांच्यावर पोसला जातो. महाराष्ट्राचा त्यांच्याशी थेट संबंध कमी, तरी चक्रावाताचे टोक दक्षिणेकडे झुकले की निफाडवर त्याचे ढग पसरतात, आणि अशा वेळी बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वाऱ्यांची साथ मिळाली तर ढगांचे पावसात रूपांतर होते. चक्रावात पुढे सरकला, की त्याच्या पाठीमागून हिमालयाकडची थंड हवा मोकळी सुटते. काश्मीरमध्ये बर्फ पडल्याची बातमी वाचून निफाडमधली जाणती माणसे दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या गारठ्याची तयारी करतात ती याच अनुभवावर, आणि शास्त्राचा त्याला पूर्ण दुजोरा आहे.

तंतुमेघ दाट होऊन आकाशभर पातळ पडदा धरतात तेव्हा त्यांना तंतुस्तर मेघ म्हणतात. दिवसा या पडद्याची जाणीवही होत नाही, ऊन थोडे मवाळ वाटते इतकेच. रात्री मात्र चंद्राभोवती खळे पडते. षट्कोनी हिमस्फटिकांतून जाताना प्रकाश वळतो आणि चंद्रापासून सुमारे बावीस अंशांवर वर्तुळ तयार होते. हात ताठ धरून अंगठा आणि करंगळी ताणली असता जी वीत होते, जवळपास तेवढे हे अंतर असते. खळे पडले की आभाळ येणार, ही समजूत मराठी मुलखात जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे, कारण तंतुस्तरामागून बहुधा मधल्या थरातले ढग येतात. वराहमिहिराने सहाव्या शतकात याहून पुष्कळ धाडसी संबंध जोडला होता. बृहत्संहितेतील गर्भलक्षणाच्या अध्यायात तो मार्गशीर्ष-पौषातील संध्येची लाली, खळ्यांसह असलेले मेघ, वारा आणि थंडी यांना पर्जन्याच्या गर्भधारणेची चिन्हे मानतो आणि असा गर्भ १९५ दिवसांनी प्रसवतो असे सांगतो. डिसेंबरअखेरीस दिसलेल्या आभाळाचा पाऊस या हिशेबाने जुलैच्या पूर्वार्धात पडायला हवा. आजचे हवामानशास्त्र हा संबंध मानत नाही. परंतु हिवाळ्यातील ढगाकडे निरुपयोगी आगंतुक म्हणून न पाहता पुढच्या पावसाचे बीज म्हणून पाहणारी ही दृष्टी, तिचे गणित चुकले तरी, विचारात घेण्याजोगी आहे; कारण एरवी या ढगाच्या वाट्याला आपल्या वाङ्मयात काहीच आलेले नाही. मेघदूताला आषाढ लागतो, ओव्या-गीतांतला ढग श्रावणातला असतो, आणि पौषातल्या आभाळाला कुणी निरोप्या म्हणून कुठे पाठवल्याचे आढळत नाही.

मधल्या थरातले ढग दोन प्रकारचे. मध्यराशी मेघ लहान लहान गोळ्यांच्या रांगा करून येतात आणि त्यांची ओळख पटवण्याची मेघसंग्रहात दिलेली रीत मोठी साधी आहे: हात पुढे लांब धरावा आणि गोळा बोटांनी मोजावा. तो एक ते तीन बोटांएवढा रुंद भरला तर मध्यराशी, करंगळीआडही लपला तर त्याच्याहून उंचावरचा तंतुराशी आणि तीन बोटांहून मोठा भरला तर खालच्या थरातला स्तरराशी. दुसरा प्रकार मध्यस्तर मेघांचा. यांत आकार असा काही नसतोच, राखाडी-निळसर एकसलग थर असतो, त्यातून सूर्य पुसट ठिपक्यासारखा दिसतो आणि अंगणातल्या वस्तूंच्या सावल्या नाहीशा होतात. तंतुस्तरात सावली पडते, मध्यस्तरात पडत नाही. एवढी खूण लक्षात ठेवली तर शास्त्राचे शिक्षण न घेतलेल्या माणसालाही पाच-सहा किलोमीटर उंचीवर काय बदलले ते स्वतःच्या पायाशी पाहून सांगता येते.

अंगणातली सावली नाहीशी झाली त्या संध्याकाळपासून निफाड तालुक्यात ब्लोअरचा आवाज सुरू होतो. ट्रॅक्टरमागे जोडलेले हे फवारणीयंत्र वेलींच्या ओळींतून औषधाचे धुके सोडत जाते आणि अशा दिवसांत ते रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. ऑक्टोबरातील गोडीबार छाटणीनंतर धरलेले घड डिसेंबर-जानेवारीत मणी फुगण्याच्या, साखर भरण्याच्या अवस्थेत असतात. दमट, उबदार, कमी उन्हाच्या हवेत त्यांच्यावर भुरी येते, म्हणजे मण्यांवर राखेसारखी बुरशी चढते. डावण्या या दुसऱ्या रोगाला तर पानावर प्रत्यक्ष पाणीच लागते. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि खालच्या बाजूला पांढुरकी लव दिसली, की तो ठाण मांडून बसला असे समजावे. येथे ढगाच्या वेळेला फार महत्त्व येते. दव पडते ते निरभ्र, शांत रात्री, आणि ते नऊ-दहाच्या उन्हात उडून जाते तोवर काळजी नसते. परंतु रात्र निरभ्र गेली, पान भिजले आणि ऐन पहाटे आभाळ आले, तर दव दुपारपर्यंत पानावर राहते. पावसाचा थेंबही न पडता बाग भिजलेली राहण्याचा हा प्रकार अंदाजाच्या कोणत्याही वाक्यात सापडत नाही. तो बागेत उभे राहून, पान उलटे करून पाहावा लागतो.

तरीही द्राक्षबागायतदाराला लख्ख आकाश हवे असते असे म्हणणे अर्धवट ठरेल. लख्ख आकाशामागून कडाका येतो, कडाक्यात मुळांचे काम मंदावते, मण्यांची फुगवण थांबते, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातली तफावत वाढली की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. युरोपच्या बाजारात हिरवी म्हणून पाठवायची द्राक्षे गुलाबी झाली तर ती माघारी येतात, म्हणून निर्यातीच्या बागांत घडाघडाला कागद गुंडाळला जातो, आणि जानेवारीत काही बागा लांबून पाहिल्या तर वेलींना वर्तमानपत्रे लगडल्यासारखे वाटते. कुंपणापलीकडच्या गव्हाची गरज नेमकी उलटी: नोव्हेंबरात पेरलेल्या गव्हाला फुटवे यायला आणि दाणा सावकाश भरायला थंडी जितकी टिकेल तितकी हवी असते. आभाळ आले तर त्यालाही तांबेरा आणि माव्याची भीती असते, कांद्याला करप्याची. म्हणजे ढग सर्वांनाच नको आणि थंडी मात्र एकाला हवी, दुसऱ्याला नको. ज्याच्या खात्यात दोन एकर द्राक्षे आणि एक एकर गहू असतो, त्याने सकाळी नेमके काय मागावे?

ढगाळ रात्र मनापासून हवी असणारेही याच शिवारात असतात. ऊसतोडीसाठी आलेली कुटुंबे पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्यांतून राहतात, पहाटे दवाने चिंब झालेल्या उसात कोयता घेऊन उतरतात. किमान तापमान सात अंशांनी चढल्याची बातमी त्यांच्यापुरती तरी निखळ चांगली असते. अंदाज वर्तवणाऱ्याला हे सगळे ऐकू येत नाही आणि येऊही नये. त्याने आठ भागांतले किती भाग ढगाखाली आहेत तेवढे सांगावे. त्या भागांखाली कोण झोपले आहे, हा हिशेब त्याच्या वहीत मावणारा नाही.

सर्वांत खालचा ढग जमिनीवरच उतरतो आणि त्याला धुके म्हणतात. दृश्यमानता एक किलोमीटरच्या आत आली की शास्त्राच्या भाषेत धुके पडले. निफाडच्या पुढे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे गाळाने उथळ झालेला विस्तीर्ण जलाशय आहे आणि २०२० च्या जानेवारीत तो महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झाला. हिवाळ्यात तेथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे उत्तरेकडचे पाहुणे उतरतात. पाणी हवेपेक्षा उबदार असते, त्याची वाफ थंड हवेत शिरताच थेंबाथेंबाने घट्ट होते, आणि पक्षी पाहायला पुण्या-मुंबईहून पहाटे येऊन पोचलेली मंडळी तासभर नुसता कलकलाट ऐकत बसतात. लगतच्या कांद्याच्या वाफ्यात हेच धुके पातीवर चिकटून राहते.

उरलेला एक ढग हिवाळ्याचा म्हणता येणार नाही, पण तो हिवाळ्यात येतो आणि त्याच्यापुढे बाकी सर्वांचा विसर पडतो. तापलेली दमट हवा वेगाने वर चढत दहा-बारा किलोमीटर उंचीचा मनोरा उभारते, त्याचा माथा ऐरणीसारखा पसरतो, तो गर्जन्मेघ. त्याच्या अंतर्भागात शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाणी असते. एखादा हिमकण त्या पाण्यातून वरखाली फेकला जात असता त्याच्यावर पाण्याचे थर गोठत जातात आणि वर जाणाऱ्या वाऱ्याला न पेलवेल एवढा तो जड झाला की गार होऊन पडतो. पावसाळ्यातही असे ढग असतात, पण तेव्हा हवा शून्य अंशाला पोचते ती सुमारे पाच किलोमीटरवर, आणि तेवढ्या लांबच्या उबदार वाटेत गारेचे पाणी होते. हिवाळ्याच्या दोन्ही कडांना ही पातळी खाली आलेली असते, वाट आखूड होते, गार वितळायला वेळ मिळत नाही. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रभर झालेली गारपीट शेतकऱ्यांच्या एका पिढीच्या स्मरणात आहे. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट खास निफाड तालुक्याची. कोवळे घड धरलेल्या बागांत पानांचा, काड्यांचा आणि गारांचा एकच थर झाला. गारेचा मार लागलेली काडी त्या हंगामापुरती गेली असे नसते, पुढच्या वर्षीच्या छाटणीतही तिची जखम आडवी येते. या ढगाच्या बाबतीत अंदाजातला ‘तुरळक’ हा शब्द विलक्षण क्रूर ठरतो, कारण गारपीट खरोखरच तुरळक असते: गाडीवाटेच्या अलीकडची बाग जाते आणि पलीकडची शाबूत राहते, आणि दोन्ही बागांचे मालक बहुधा भाऊबंद असतात.

अंदाजाचा सर्वांत ठोस परिणाम मात्र ढगाआधीच घडून जातो. जानेवारीच्या उत्तरार्धात लवकरच्या बागांची तोडणी सुरू झालेली असते, पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या वाटून घेतलेल्या असतात आणि व्यापारी बागेत उभा राहून घड हातात तोलत असतो. आकाशात तंतुमेघांच्या दोन-चार रेघांखेरीज काही नसते. त्यांतून पाऊस पडत नाही हे दोघेही जाणतात. व्यापारी तरीही मोबाईल पुढे करतो, परवापासून ढगाळ दाखवत असल्याचे सांगतो आणि किलोमागे पाच रुपये कमी करायला बघतो. शेतकरी साखर अजून भरायची आहे म्हणतो. दोन दिवस थांबावे तर गोडी वाढेल आणि कदाचित मणी तडकतील. आज तोडावे तर माल हलका जाईल पण पदरात पडेल. पेठची टोळी परवा दुसऱ्या बागेत जायची आहे. बागवान पुन्हा एकदा वर पाहतो, मग व्यापाऱ्याला उद्या सकाळी फोन करायला सांगतो, आणि तो गेल्यावर टोळीच्या मुकादमाला विचारतो, रात्री कुठे मुक्काम करणार म्हणून.